गढीच्या चौथ्या खंदकात

रिगफूट,
११ सप्टेंबर

प्रिय कॉलिन,

हे माझं तिसरं पत्र. आधीची दोन मिळाली नाहीत असं सांगू नकोस. दुसरं मी पोचपावतीसह पाठवलं होतं आणि पावतीवरची सही तुझीच आहे, शाळेत छड्या खाऊनही न सुधारलेली. उत्तर म्हणून काय आलं, तर जानेवारीत छापील शुभेच्छापत्र आणि त्याखाली दीड ओळ, की मेंढ्या विकून टाक आणि म्हाताऱ्याला वृद्धाश्रमात ठेव. न्यूझीलंडमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातंय? ते पत्र मी बाबांना दाखवलं नाही, चुलीत घातलं. तर आता सरळच लिहिते, म्हणजे दुसरा अर्थ काढायला जागा नको. बाबांचं हृदय दमलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाताळ बघतील, वसंतातली कोकरं बहुधा बघणार नाहीत. ते तुझं नाव घेत नाहीत, पण रोज दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून रस्त्याकडे बघतात, आणि लाल गाडी दिसली की खुर्चीतून अर्धे उठतात. लाल गाडी टपालवाल्याची असते. मला हे रोज बघावं लागतं, तुला नाही.

सध्या मी जरा जास्तच चिडलेली आहे, तेव्हा आधी ते ओकून टाकते. गढीकडच्या फाटकाचा खांब मार्चच्या वादळात मोडला. साधा लाकडी खांब. दुसरीकडे असता तर मी दुपारच्या जेवणाआधी नवा रोवून मोकळी झाले असते. पण तो रोमन गढीच्या हद्दीत सव्वा हात आत येतो, आणि तिथे परवानगीशिवाय सुईएवढं भोक पाडलं तरी गुन्हा. चौदा पानी अर्ज भरला. खांबाची खोली किती, व्यास किती, पर्यायांचा विचार केला होता का, केला असल्यास ते कोणते. पर्याय म्हणून मी स्वतः तिथे उभी राहते, असं लिहिणार होते. बाबांनी तो अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "ज्यांनी एकोणीसशे वर्षांपूर्वी हे सहा खंदक खणले, त्यांनी किती पानी भरला होता गं?" सहा महिने झाले. फाटक सुतळीने बांधलेलं आहे, आणि दर आठवड्याला कुणीतरी फिरायला आलेला माणूस ती सोडतो आणि बांधायला विसरतो. मग मी आणि मॉस (हा तिसरा मॉस, तुझ्या मॉस कुत्र्याचा नातू) अर्धा दिवस मेंढ्या गोळा करत हिंडतो.

फिरायला येणारे तर डोक्याला ताप आहेत. नकाशात किल्ला म्हणून लिहिलेलं असतं, म्हणून नवे कोरे बूट घालून येतात आणि माझ्या अंगणात येऊन तक्रार करतात, की बाई, इथे नुसतं गवत आहे. मागच्या रविवारी एक जोडपं खंदकाच्या काठावर उभं राहून मला किल्ल्याची वाट विचारत होतं. बाबा त्या दिवशी जरा बरे होते, काठी टेकत आले आणि म्हणाले, "त्याच्या कुशीवरच उभ्या आहात बाईसाहेब, जरा हळू." त्यांना वाटलं म्हातारा भ्रमिष्ट आहे. खरं तर ती गढी दिसायला संध्याकाळचं तिरपं ऊन लागतं, नाहीतर पातळसा बर्फ. मग चारी बाजूंचे मातीचे तट उठून येतात, आणि चढाच्या बाजूला एकामागे एक सहा खंदक. लहानपणी आपण खतांच्या पोत्यांवर बसून त्यांत घसरायचो. तुझा दात तिसऱ्यात पडला होता. चौथा सगळ्यांत खोल. रस्त्यावरून बघणाऱ्याला त्याच्या तळाशी काय आहे ते कधीच कळत नाही. हे तुला मी सांगायला नको.

उन्हाळ्यात विद्यापीठाची मंडळी आली होती. त्यांच्या प्रमुख डॉ. फिलिपा, हातभर उंचीच्या, पण आवाज असा की डोंगरावरच्या मेंढ्या माना वर करतात. त्यांनाही खणायची परवानगी नाही, तेव्हा त्यांनी नामी युक्ती काढली. भुईउंदरांना कायदा लागू नाही. ते तटाखाली बिळं करतात आणि माती वर ढकलतात, ही मंडळी ते मातीचे ढीग चाळतात. निवृत्त मास्तर, परिचारिका, एक पाद्री, सगळे गुडघ्यावर बसून चाळण्या हलवत होते, आणि चहाला माझ्या स्वयंपाकघरात. सोळा जणांचा चहा, कॉलिन, दिवसातून दोनदा. आल्याचा केक करून करून माझ्या कपड्यांना वास लागला. बाबांनी आयुष्यभर भुईउंदीर पकडले, त्यांच्या नाकावर टिच्चून आता बाई सांगणार, की सापळे लावू नका, ते आमचे सहकारी आहेत! बाबा त्या दिवशी पोट धरून हसले. किती महिन्यांनी हसले होते, म्हणून मी केक करायचं थांबवलं नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी सापडलेल्या वस्तू माझ्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मांडल्या. एक निळा काचेचा मणी, काळ्या भांड्याची खापरं, शिपायाच्या चपलेचे चार खिळे, आणि एक पितळी पुंगळी, बोटाच्या पेराएवढी, हिरवी पडलेली. ती चौथ्या खंदकातल्या ढिगातून आली होती. बाई म्हणाल्या, ही आधुनिक आहे, बंदुकीची, पण नोंद करावीच लागेल. बाबा खुर्चीतून उठले, टेबलापाशी आले, ती उचलली आणि कोटाच्या खिशात घातली. बाईंनी नियम सांगितला. बाबा म्हणाले, "मणी त्यांचा, खिळे त्यांचे. हे आमचं आहे." त्या दिवसापासून ती पुंगळी त्यांच्या खिशात आहे. कोट धुवायला देत नाहीत.

दोन हजार एकचा एप्रिल तू विसरला नसशील, पण मला तो माझ्या बाजूने लिहू दे. लाळ्या-खुरकूत दरीच्या तोंडाशी आली आणि हुकूम निघाला, की रोग सापडलेल्या गोठ्यापासून तीन किलोमीटरच्या आतली प्रत्येक मेंढी मारायची, आजारी असो वा नसो. आपल्या एकही आजारी नव्हती. माणसं पांढरे झगे घालून येणार त्याच्या आदल्या दिवशी पहाटे तू बावीस गाभण मेंढ्या निवडल्यास, डोंगर सगळ्यांत नीट ओळखणाऱ्या, आणि गढीच्या चौथ्या खंदकात नेऊन दडवल्यास. वर वाळलेल्या नेच्याचे भारे टाकलेस. तुझं म्हणणं बरोबर होतं. डोंगरावर कुंपण नाही. आपली मेंढी आपल्याच माळावर राहते, कारण तिला तिच्या आईने तो दाखवलेला असतो, आणि आईला तिच्या आईने. पणजोबांपासूनची ती ओळख बाजारात विकत मिळत नाही. बावीस उरल्या तर माळ उरेल, असं तू म्हणालास. बाबांनी दारात उभं राहून त्या अधिकाऱ्याला सांगितलं, की वहीतल्या आकड्यापेक्षा बावीस कमी आहेत कारण त्या हिवाळ्यात मेल्या. ज्या माणसाने मेंढपाळांच्या मेळाव्यात दुसऱ्याचं एक कोकरूही आपलं म्हटलं नाही, तो त्या दिवशी डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलला. तुझ्यासाठी बोलला. हे तू कधी धरलंसच नाहीस हिशेबात.

मग चौथ्या दिवशी तू गवताचा भारा घेऊन गेलास, तर खंदकाच्या काठावर बंदूकवाले काम उरकून उभे होते. तू घरी आलास तो चेहरा मी विसरणार नाही. अंगणात उभा राहून तू एवढंच विचारलंस, "कुणी सांगितलं?" आपण तिघंच होतो. चौथ्या कुणाला माहीत नव्हतं. बाबा चुलीपाशी पाठ करून उभे होते, वळले आणि म्हणाले, "मी." तू म्हणालास, की हा माणूस माझा कुणी नाही. जूनमध्ये तू गेलास. आई असती तर तुम्हा दोघांची डोकी एकमेकांवर आपटली असती, पण ती आधीच सुटली होती.

तुझ्यामागे काय झालं ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. परक्या मेंढ्या आणल्या. त्यांना डोंगर म्हणजे नुसतं गवत. सोडल्या की दुसऱ्या दिवशी पलीकडच्या दरीत. तेव्हा बाबांनी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्यांना माळ शिकवायला घेतला. रोज सकाळी वर न्यायच्या, हद्दीवर उभं राहायचं, मागे वळवायच्या. पावसात, गारांत, ताप असताना. नऊ वर्षं. मी आणि मॉस दुसऱ्या टोकाला. मी एकदा वैतागून म्हटलं, "कशाला हा जीव काढायचा? तारेचं कुंपण घालू." तर म्हणाले, "तो परत येईल तेव्हा त्याला माळ सापडायला नको?" आता त्या मेंढ्यांच्या नाती-पणत्या कुणी न हाकता आपल्या हद्दीत चरतात. तुझ्याकडे म्हणे हजारो आहेत आणि सगळ्या तारेत. बघायला ये, की तारेशिवाय मेंढी कशी राहते.

बाबांचा हट्ट असा, की नोव्हेंबरातल्या तिसऱ्या शनिवारच्या मेळाव्याला जायचंच. तुला आठवत असेल, शेजारच्या ब्लेंकार्नच्या कोठाराजवळचा तो मेंढ्यांचा वाडा. कुणाच्याही कळपात उन्हाळाभर मिसळलेली दुसऱ्याची मेंढी त्या दिवशी आणून द्यायची. कानाची चीर आणि लोकरीवरचा रंग बघायचा, आणि मुकाट्याने मालकाच्या हवाली करायची. कुणी वाद घालत नाही, कुणी विचारत नाही, की इतके दिवस का ठेवलीस. मग सगळ्यांनी एका टेबलावर बसून मटण-बटाट्याचा टॅटी पॉट खायचा. आपली खूण अजून तीच आहे, डाव्या मांडीवर लाल पट्टा आणि उजव्या कानाला एक चीर. ब्लेंकार्न म्हातारा झालाय, पण त्याने बाबांसाठी चुलीजवळची खुर्ची राखून ठेवलीय. दोन महिने आहेत.

काल मी हे पत्र लिहायला बसले, तर बाबांनी विचारलं, "कॉलिनला का?" मी हो म्हटलं. मग म्हणाले, "फाटकाचं लिही. मेंढ्यांचं लिही. भलतं काही लिहू नकोस हं, इझबेल." मी त्यांना शब्द दिला नाही. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच दिला नाही. त्यांचा हात कोटाच्या खिशात गेला.

आता ते भलतं. फोन मी केला होता, कॉलिन. चौथ्या दिवशी सकाळी मी अंगणात आले तर फाटकाशी फ्लॉसी उभी. आपण चुलीपाशी बाटलीवर वाढवलेली, माझी फ्लॉसी. तू सगळा विचार केलास, पण तुझ्या सगळ्यांत शहाण्या मेंढ्या व्यायचे दिवस भरत आले की घरीच येणार, हे तूच विसरलास. ती खंदक चढून, ब्लेंकार्नच्या कुरणातून चालत आली होती. लंगडत होती, तोंडातून लाळ गळत होती. मी तिचा जबडा उघडला. जिभेवर फोड होता. दगडी गडग्यापलीकडे ब्लेंकार्नच्या दीडशे गाई उभ्या होत्या, तोपर्यंत वाचलेल्या. मी आत गेले आणि नंबर फिरवला. तुला आधी सांगायला हवं होतं, पण तू मला करू दिला नसतास आणि माझं धैर्य दहा मिनिटांचंच होतं. बाबांनी मला फोन ठेवताना पाहिलं. तू विचारलंस तेव्हा मी तोंड उघडलंच होतं, तोच ते "मी" म्हणाले. नंतर मी रडले, म्हटलं, मी त्याला सांगते. ते म्हणाले, "त्याला राग धरायला मी पुरतो. मी काय, आज आहे उद्या नाही. तुम्हाला दोघांना एकमेकांशिवाय कोण आहे?" आणि मी, भित्री, गप्प बसले. पहिल्या वर्षी लाजेने, मग सवयीने. सहा आठवड्यांनी तपासणीचा कागद आला. रोग नव्हता. एकीलाही नव्हता. फ्लॉसीची जीभ त्या वाळक्या नेच्याच्या काड्यांनी सोलली होती. तो कागद घड्याळामागे आहे, बाबांनीच ठेवला, तुझं तिकीट तोवर निघालं होतं. त्यांनी मला एका शब्दाने कधी टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं. तू माझ्याशी वर्षातून एकदा दीड ओळ बोललास, ती ओळ त्यांची होती, मी चोरून खाल्ली. म्हणून हे पत्र. तेवीस वर्षं तुझ्या कळपात एक मेंढी आहे, तुझा तो राग, आणि तू तिला बाबांची समजून सांभाळत आलास. तिचा कान नीट बघ. ती माझी आहे. नोव्हेंबरातल्या तिसऱ्या शनिवारच्या आत ये आणि ती माझ्या हवाली कर, मी काही म्हणणार नाही. मग हात मोकळे ठेवून बाबांकडे जा.

तुझी बहीण, अजूनही तुझीच म्हणवून घेणारी,
इझबेल

ता. क. गढीकडून येणार असशील तर फाटक सुतळीनेच बांधलेलं असेल. परवानगी काही इतक्यात येत नाही. सोडताना थोडं वर उचल, आणि आत आल्यावर परत बांध.